काळ्या रेघा आणि ॲसिडची बाटली

पावसाळ्याचे पहिले दोन आठवडे उलटले, की आमच्या डोंबिवलीच्या घरातलं बाथरूम काजळ घालून बसतं. टाइल पांढरीशुभ्र, पण दोन टाइल्समधला पांढऱ्या सिमेंटचा सांधा, ज्याला गवंडी ग्राउट म्हणतात, तो काळाकुट्ट. पाहुणे यायचे म्हटलं की आपण दिवाणखाना आवरतो खरा, पण जीव अडकलेला असतो तो बाथरूममध्ये. कारण पाहुणा तिथे एकटा असतो आणि कडी लावून निवांत निरीक्षण करतो!

यावरचा घरोघरीचा रामबाण उपाय म्हणजे ॲसिड. आमच्या सासूबाईंचा त्यावर गाढ विश्वास. "अगं, दोन झाकणं टाक. फेस आला की समजावं, मळ सुटला." फेस येतो हे खरं, पण तो मळाचा नसतो. फरशीसाठी मिळणारं ॲसिड म्हणजे बहुधा पाणी घातलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि सांध्यातल्या सिमेंटमध्ये असतो चुना. आम्ल त्या चुन्याला खातं, वायूचे बुडबुडे सुटतात, तोच हा फेस. म्हणजे मळाबरोबर सांधाही थोडा थोडा गटारात जातो. दोन दिवस बाथरूम लखलखतं. पण सांधा आता खडबडीत झालेला असतो, त्यात पाणी आणि साबणाचा थर जास्तच मुरतो आणि बुरशी दुप्पट जोमाने परतते. मग पुन्हा बाटली. कोटा किंवा शहाबादी फरशीची तर याहून दैना, कारण तो मुळातच चुनखडीचा दगड. लिंबू आणि व्हिनेगर हेही याच कुळातले, फक्त जरा सौम्य स्वभावाचे.

हे सगळं मी इतक्या खोलात जाऊन वाचलं, त्याला कारण सासूबाईंचाच खोकला. त्यांना दमा आहे. दर पावसाळ्यात तो उचल खातो, पण मागच्या वर्षी रात्र रात्र बसून काढायची वेळ आली. डॉक्टरांनी औषध बदललं आणि सहज विचारलं, "घरात ओल आहे का? कुठे बुरशी?" जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली, त्यात दम्याशी असलेला हा संबंध स्पष्ट मांडला आहे. म्हणजे काळ्या रेघा ही नुसती पाहुण्यांपुढची लाज नव्हती.

आणि दुसरी गोष्ट कळली ती मावशींकडून. आठवड्यातून एकदा त्या बाथरूम घासायला येतात. मी ॲसिडविषयी विचारलं, तर म्हणाल्या, "वहिनी, त्याचं काय सांगू! एका घरी आधी ॲसिड टाकलं होतं, अन् वरून त्यांनी ब्लीच ओतलं. असा धूर नाकात गेला, की डोळ्यांपुढे अंधारी. चार दिवस घास गिळवेना." हे त्या हसत हसत सांगत होत्या. मला मात्र हसू येईना. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात 1915 साली ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता, तोच. लहानशा मोरीत, दार लोटून, उकिडवं बसलेल्या बाईच्या तो थेट छातीत जातो. शिवाय ॲसिडहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घालायला सांगितलं, ते वेगळंच. अशी वस्तू मुलांच्या हाताशी, बेसिनखाली, शीतपेयाच्या जुन्या बाटलीत का ठेवायची?

तेव्हा आमच्या घरातून बाटली गेली. आता खायचा सोडा आणि कपड्यांची पावडर गरम पाण्यात कालवून सांध्यांवर लावतो, पंधरा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासतो. तारेची घासणी नको, ती सांधा उकरते. तरी काळं राहिलंच, तर तेवढ्यापुरतं ब्लीच, एका भागाला दहा भाग पाणी. दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवायचं. खिडकी उघडी, हातात रबरी मोजे, आणि त्या दिवशी दुसरं कुठलंही औषध त्या फरशीवर पडता कामा नये. दमेकरी माणूस तोवर बाहेरच्या खोलीत.

पण घासणं हे अर्धंच काम. बुरशीला हवी असते ओल, आणि ती एक-दोन दिवस टिकली तरी तिचं भागतं. म्हणून शेवटच्या माणसाने आंघोळ झाली की वायपर फिरवायचा, भिंतींवरूनसुद्धा. बादली पालथी, ओला पंचा बाहेर, दार सताड उघडं. एक्झॉस्ट पंखा लावून दार-खिडकी गच्च बंद ठेवणारे आमच्याकडे आहेत (नाव घेत नाही, पण ऑफिसातून सातला येतात). बाहेरची हवा आत यायला फट नसेल, तर पंखा बिचारा बाहेर काय फेकणार?

सांधे फारच झिजले असतील, तर ते खरवडून नव्याने भरून घ्यावेत. इपॉक्सीचं ग्राउट महाग पडतं, पण त्यात पाणी मुरत नाही. आम्ही फक्त नळाखालच्या दोन ओळींना ते भरून घेतलं.

या पावसात रेघा जवळपास नाहीत. सासूबाईंना फेस दिसत नाही म्हणून अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं, पण वायपर त्याच सर्वांत नेमाने फिरवतात. खोकला आहे, मात्र रात्री झोप लागते. फक्त छताजवळचा एक कोपरा अजून काळा पडतो. तिथे आमचा इलाज नाही, कारण ओल वरच्या मजल्याच्या नहाणी ट्रॅपमधून झिरपते. सोसायटीला दोन पत्रं दिली आहेत. रविवारच्या सभेत हे तिसरं घेऊन जाणार आहेत, आणि सासूबाईही येते म्हणाल्या आहेत.