टिंबाच्या आधीचं अक्षर

नागपूरच्या इतवारीत किराण्याच्या ठोक दुकानावर माझं टायपिंगचं दुकान आहे. खाली हळद-मिरचीची पोती, वर पीएच.डी.चे प्रबंध. मराठीची, इतिहासाची पोरं येतात तेव्हा लिहून सगळं झालेलं असतं. संदर्भसूचीत मात्र 'पान', 'पृ.', 'पृष्ठ क्र.' अशी जत्रा भरलेली असते.

ती जत्रा मोडायला झोटेरो हा संदर्भ सांभाळणारा प्रोग्राम बरा. त्याच्या शैलीच्या फायलीत 'संपा.' हा शब्द नसतोच, इथे संपादकाची संज्ञा घाल एवढाच हुकूम असतो. शब्द पुरवते भाषेची वेगळी फाइल: पूर्ण रूप, संक्षिप्त रूप, एकवचन, अनेकवचन. इंग्रजीत एका पानाला एक पी, अनेकांना दोन. मी मराठीच्या दोन्ही चौकटींत 'पृ.'च भरतो. संपादकाला 'सं.' मात्र लावू देत नाही. संस्करण, संवत, संस्कृत सगळेच त्यावर हक्क सांगतात. हे एकदा फायलीत बसवलं की झालं. नोंदीनोंदीत हातानं 'संपा.' टाइप करून आणणाऱ्यांवर मी चिडतो. उद्या गाइडनं शैली बदलली की तेवढे शब्द जिथल्या तिथे अडून बसतात.

नावांचं काम मात्र मी मशीनवर सोडत नाही. मराठी आद्याक्षर मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर सगळं बिऱ्हाड घेऊन येतं. १९७८ साली 'लीळाचरित्र' संपादून देणारे, विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले विष्णु भिकाजी कोलते म्हणजे वि. भि. कोलते. नुसता पहिला वर्ण उचलणारा नियम लावला तर ते 'व. भ.' होतील, आणि अशा कोणा कोलत्यांना नागपूर ओळखत नाही. गजानन त्र्यंबक माडखोलकरांच्या 'त्र्यं.'चा 'त.' उरेल. म्हणून संक्षेपाचा नियम बंद, आद्याक्षरं माझ्या हातची.

पदव्यांनी तर आणखी घोळ. 'म. म. वा. वि. मिराशी' यात आद्याक्षरं दोनच, 'म. म.' म्हणजे महामहोपाध्याय. वाकाटकांवर काम करणाऱ्या प्रत्येकाच्या सूचीत ते असतातच. कवी म. म. देशपांड्यांचे दोन्ही 'म' मात्र नावातलेच. एका मुलीला गाइडनं सांगितलं होतं, डॉ., प्रा., श्री. सगळं काढा. "भाऊ, एकदाच रिप्लेस मारून टाका ना!" मी तिला तिच्याच सूचीतले ज्ञानकोशकार दाखवले, श्री. व्यं. केतकर. श्रीधर व्यंकटेश. एका फटक्यात नुसते 'व्यं.' झाले असते, अन् श्री. के. क्षीरसागर 'के.'. "काहून असे नावं ठेवून राहिले होते हे लोक!" म्हणत तिनं खुर्ची ओढली आणि आम्ही एकेक 'श्री.' तपासत बसलो.

संस्थांना एकच चौकट द्यायची, आडनावाची वेगळी नाही. नाहीतर १९२३ पासूनचा आपला विदर्भ साहित्य संघ 'संघ, विदर्भ साहित्य' होऊन स-च्या रांगेत जाऊन बसतो.

राहिलं 'तत्रैव', म्हणजे आधीच्याच तळटिपेतलं पुस्तक. शिकागो शैलीनं २०१७च्या आवृत्तीपासून त्याऐवजी छोटी नोंद पसंत केली आहे. आमच्याकडचे गाइड मात्र अजून ते मागतात. मागू देत. हातानं लिहिलेल्या 'तत्रैव'च्या आधी एक नवी तळटीप घुसली की ते भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं, आणि गाइड तर शेवटच्या आठवड्यात तळटिपा वाढवतातच. मशीन ते आपसूक बदलून घेतं. फक्त तळटिपा झोटेरोतूनच घाला, वर्डमध्ये टाइप करून आणू नका, हे मी पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. अर्धी ऐकतात.