घडी मोडताना

ऐतिहासिक मालिकेच्या वेशभूषेचं काम आलं की माझा जीव आधी कापडात अडकायचा. पैठणी येवल्याच्या हातमागावरची आहे ना, चोळीचा खण गुळेदगुडचाच आहे ना, इरकलीचे काठ खरे आहेत ना. रंगाच्या बाबतीत तर मी कुणाचंच ऐकत नसे. पहिला रासायनिक रंग, तो झगझगीत जांभळा, १८५६ साली लंडनमध्ये पर्किनच्या हाती लागला. पेशवाई १८१८ मध्येच बुडालेली. मग शनिवारवाड्यातल्या सुनेच्या अंगावर तो जांभळा मी कसा चढू देणार? मंजिष्ठा, नीळ, हळद, कुसुंबा यांतूनच रंग काढायचे, त्यासाठी निर्मात्याशी भांडायचं, हा माझा धर्म होता.

भांडण अजूनही करते, पण आता कापडासाठी नाही.

कापडाचा तो हट्ट चालू असताना एक गोष्ट मी सहज मान्य केली होती: शिवलेली नऊवारी. रोज एक भाग द्यायचा असतो, नायिका सकाळी सेटवर येते तेव्हा घड्याळ आधीच पुढे पळालेलं असतं. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या शिवून पक्क्या, काष्टा टाचलेला. पायजम्यासारखी चढवली की पाच मिनिटांत पेशवाई. चौकटीत दिसते ती साडीच, असं मला वाटे.

माझी कामाची खोली नाहूरला, स्टेशनजवळच्या एका गाळ्यात. गोरेगावची चित्रनगरी इथून डोंगरापलीकडेच, पण मध्ये जंगल, त्यामुळे पवईवरून वळसा. म्हणून शिवणं-रंगवणं सगळं इथेच उरकतो. दुपारी बाजारातून जाताना मासळी विकणाऱ्या एका वयस्क कोळणीकडे मी थांबत असे. अंगावर छापील फुलांचं कृत्रिम धाग्याचं लुगडं. त्या कापडात इतिहासाचा एक धागा नव्हता. पण मावशी उकिडव्या बसत, जमिनीला हात न लावता पाटीसकट उठत, गिऱ्हाईकाची नोट कनवटीला लावत आणि बोलता बोलता पदर खोचून कोयता हाती घेत. पेशवाईतली बाई कशी वावरत असेल, ते मला तिथे दिसलं. हातमागाच्या पैठणीत मढवलेल्या माझ्या नायिकेत कधी दिसलं नव्हतं.

माझं मन वळलं ते तिथून. पुढच्या मालिकेत मी नायिकेला यंत्रमागाचं साधं सुती लुगडं दिलं, मात्र नेसवलेलं. सुरुवातीला ती वैतागली. निऱ्या सुटतील म्हणून पोट आवळून चालायची. मग हळूहळू हातांना कामं सापडली. पायरी चढताना ओचा सावरणं, जात्यावर बसण्याआधी पदर कमरेला घट्ट करणं, किल्ली कनवटीतून काढणं. दिग्दर्शकाने यातलं काही सांगितलं नव्हतं, लुगड्याने शिकवलं. शिवलेल्या साडीत किल्ली ठेवायला जागाच नसते, म्हणून बाईचे हात नुसते लोंबत राहतात.

शिवाय जे कापड मी एवढ्या हट्टाने आणायचे त्याचं पडद्यावर होतं काय? बारीक चौकड्या कॅमेऱ्यासमोर लुकलुकतात म्हणून बाद होतात. मंजिष्ठेचा लाल रंग संकलनानंतर रंगसंस्कारात बदलतो आणि प्रेक्षक तो हातातल्या फोनवर बघतो. कापड महत्त्वाचं नाही असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ज्या ‘गांधी’साठी वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, त्या चित्रपटात खादी हाच विषय होता, तिथे गिरणीचं कापड म्हणजे खोटेपणाच ठरला असता. जिथे कापडच बोलतं तिथे माझा जुना हट्ट कायम आहे.

पण पेशवाईतल्या बायकांबद्दल आपल्याकडे आहे काय? जेम्स वेल्सने १७९० च्या दशकात पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस रंगवले. माजघरातल्या बायकांना समोर बसवून कोण रंगवणार? जुनी वस्त्रं पुण्यातल्या केळकर संग्रहालयात पाहता येतात. पण घडी करून ठेवलेल्या साडीत नेसण उरत नाही. ती फक्त नेसणारीच्या आणि नेसवणारीच्या हातात असते, आणि ते हात आता म्हातारे झालेत. कापड पुन्हा विणता येईल. हे हात गेले तर कुणाला विचारायचं?

नेसवलेल्या लुगड्याचा त्रास खरा आहे. बारा तासांच्या शिफ्टमध्ये ते सैल पडतं, नटी शौचालयातून आली की पुन्हा नेसवावं लागतं, कंटिन्युइटी बघणाऱ्या मुलीला प्रत्येक निरी मोजावी लागते. नटीला हे सगळं आधी सांगते, तिची तयारी असेल तरच पुढे जाते. करार करताना कापडाच्या रकमेतून पैसे कमी करून लुगडं नेसवणाऱ्या बाईंचा रोज मागते, आणि कॉलशीटवर त्यांच्यासाठी अर्धा तास. पैशांत मी मागे-पुढे होते. तो अर्धा तास मात्र सोडत नाही.