तीन अंकांचा संसार

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण आमच्या स्नेह्यांनी जणू आमच्यासाठीच राखून ठेवली आहे. कारण आम्ही एकाच वेळी तीन नियतकालिके चालवतो. दचकू नका, वाचकहो. त्यांपैकी एकानेही छापखान्याची पायरी चढलेली नाही. पहिले, आठवीच्या वर्गाबाहेर दर सोमवारी लागणारे भित्तिपत्रक. दुसरे, पालकांसाठी तीन महिन्यांनी निघणारे हस्तलिखित. आणि तिसरे, कारवार, मडगाव व मुंबई येथे विखुरलेल्या आमच्या भावंडांना महिन्याकाठी जाणारे कोकणी पत्र. याचे वाचक अवघे पाच. पण अंकाला उशीर झाला की सर्वांत मोठा गिल्ला याच पाच जणांचा!

तिन्ही मिळून एकच अंक का काढीत नाही, असे आम्हांस नेहमी विचारले जाते. त्याचे उत्तर आम्हांस आबिड्सच्या पदपथावर गवसले. सहाव्या निजामाच्या पदरी आबिद नावाचा एक आर्मेनियन गृहस्थ होता. त्याच्या दुकानावरून हैदराबादच्या या पेठेस हे नाव पडले. रविवारी तेथील बंद दुकानांपुढे जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. उर्दू, तेलुगू आणि इंग्रजी ग्रंथ तेथे गुण्यागोविंदाने शेजारी पहुडलेले असतात. मराठीचे दर्शन मात्र क्वचित. अशाच एका रविवारी सुतळीने बांधलेला मराठी मासिकांचा गठ्ठा आमच्या हाती आला. वर ‘किर्लोस्कर’, मध्ये ‘स्त्री’, तळाशी ‘मनोहर’. आणि तिन्हींवर एकाच वर्गणीदाराचे नाव.

किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वार्तापत्र म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले व पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे जन्मास आली. तिन्हींची सूत्रे शंकरराव किर्लोस्करांच्या हाती होती. मुळात हा मनुष्य चित्रकार! एकाच संपादकाने वडील, आई आणि कॉलेजात जाणारी मुले अशा एकाच घरातल्या माणसांशी वेगवेगळे बोलावे, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटली. विषय वेगळे म्हणून अंक वेगळे नव्हेत. ऐकणारा वेगळा म्हणून अंक वेगळा. १८८१ च्या जानेवारीत टिळक-आगरकरांच्या मंडळीने इंग्रजी ‘मराठा’ आणि मराठी ‘केसरी’ दोन दिवसांच्या अंतराने काढले, तेही याचसाठी. पुढे मतेच जुळेनात तेव्हा आगरकरांनी १८८८ साली आपला ‘सुधारक’ वेगळा काढला. असो.

त्या रविवारचा मजकूर आम्ही तिन्ही ठिकाणी लिहिला. मुलांना आबिदसाहेबाची आणि पदपथावरील घासाघिशीची हकीकत सांगितली. पालकांपुढे त्या वर्गणीदाराचे घर उभे केले. त्या घरातील नातवंडांना मराठी वाचता येत नसावे. नाहीतर तीन पिढ्यांची मासिके वजनावर कशाला विकली जातील? आणि भावंडांना? त्यांना एवढेच लिहिले की, गठ्ठ्याला आपल्या माडीवरच्या पेटीसारखा वास येत होता.

तिन्ही अंक आता आमच्याच्याने ओढवेनात, हेही खरे. उत्तरपत्रिकांचे ढीग कोणास चुकले आहेत? पाच वाचकांचे कोकणी पत्र प्रथम बंद करावे, हा हिशेबी सल्ला मिळाला. परंतु आमची मुंबईची भाची कोकणी बोलते, आणि लिहिलेली कोकणी मात्र तिने या पत्राखेरीज कोठेही वाचलेली नाही. सुतळीचा तो गठ्ठा डोळ्यांपुढे असताना ते पत्र थांबवण्यास मन धजेना.

तेव्हा दिवाळीनंतर भित्तिपत्रक आम्ही आठवीच्या स्वाधीन केले. पहिल्याच सोमवारी नव्या संपादकमंडळाने आमचे सुभाषित काढून टाकले आणि त्या जागी ‘मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढवा’ असा खणखणीत अग्रलेख लावला. त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या. पण त्या दिवशी फलकापुढे दहावीची मुलेदेखील दाटी करून उभी होती.