गोदामांमागचा वसंत

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले, की कशेळी, काल्हेर मागे टाकून पूर्णा येते. पूर्णा म्हटले की गोदामे, मालमोटारी आणि धूळ एवढेच डोळ्यांसमोर उभे राहते. फाल्गुनातील एका रविवारी सकाळी कॅमेरा घेऊन मी तेथे गेलो, तेव्हा मलाही फारशी आशा नव्हती.

गोदामाच्या कुंपणामागे, पडीक शेताच्या बांधावर एक पळस फुलला होता. पळसाला पाने तीनच. पण फाल्गुनात तीही गळून गेलेली, सारे झाड केवळ फुलांचे! पहिले छायाचित्र मात्र फसले. केशरी रंग इतका भडक उतरला, की पाकळ्यांच्या कडाच पुसल्या गेल्या. कॅमेऱ्यात येणारा प्रकाश थोडा कमी केला, तेव्हा पाकळीवरची मखमली लव आणि तिचा पोपटाच्या चोचीसारखा बाक स्पष्ट दिसला.

मग नजर जमिनीकडे वळली. पिवळा धोतरा, रुई आणि पायाशी एकदांडी. अमेरिका खंडातून आलेली ही वनस्पती आता आपल्या बांधाबांधावर रुजली आहे. तिचे एक फूल म्हणजे खरे तर अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. पण तो पाहायचा तर पोटावर झोपून कॅमेरा फुलाच्या पातळीवर आणावा लागतो. सावलीच्या बाजूला पांढरा रुमाल धरला, की परावर्तित उजेडाने फुलाचा काळवंडलेला भाग उजळतो.

छायाचित्र चांगले आले. परंतु समोर वाळलेल्या गवताच्या दोन काड्या आडव्या येत होत्या. मी त्या सहज मोडल्या आणि पुन्हा टिपले. घरी येऊन दोन्ही छायाचित्रे मोठी करून पाहिली. पहिल्यात त्या काड्यांपासून फुलापर्यंत बारीक जाळे विणलेले होते आणि त्यात एक इवलासा कोळी बसला होता. दुसऱ्यात फूल अगदी स्वच्छ होते. जाळे नव्हते, कोळीही नव्हता. फूल न तोडल्याचे समाधान क्षणात ओसरले.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी काडीलाही हात लावला नाही. जागा बदलली, वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत वाट पाहिली. शेताच्या एका कोपऱ्यात मुरमाचे ढीग पडू लागले होते. पुढच्या फाल्गुनात हा बांध येथे असेलच असे नाही. म्हणून घरातील मुलांनाही एकदा तेथे नेऊन आणले. भिंतीवर मात्र ते पहिलेच, काड्यांनी अडलेले छायाचित्र लावले आहे.