आधी पाय, मग पाना

ब्रेकची तक्रार घेऊन येणारा माणूस एकच वाक्य बोलतो. कानडी असला तर ‘ब्रेक हिडियंगिल्ल री’, मराठी असला तर ‘ब्रेक लागत नाहीत हो’. हुबळीत ही दोन्ही वाक्यं एकाच सकाळी कानावर पडतात, आणि दोन्हींवरून मला काहीच कळत नाही. म्हणून बॉनेटला हात लावायच्या आधी मी विचारतो, पॅडल कडक झालंय, खाली जातंय, की पाय उचलल्यावरही चाकं धरून राहतात? हे तीन वेगळे आजार आहेत. कडक पॅडल म्हटलं की मी आधी बूस्टरकडे बघतो, खाली जाणारं म्हटलं की ब्रेक ऑइलकडे, आणि धरून राहणारे ब्रेक असले तर दोन्हीकडे.

आमचं गॅरेज लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड म्हटलं की रेडिओ-टीव्हीचे पार्ट आठवतात. तिथल्या रस्त्याला दादासाहेब भडकमकरांचं नाव देऊनही लोकांच्या तोंडून जुनं नाव गेलेलं नाही. लॉर्ड लॅमिंग्टन 1903 ते 1907 या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि हुबळी तेव्हा मुंबई इलाख्यात. इलाखा गेला, 1956 साली राज्य बदललं, रस्त्याचं नाव राहिलं आणि आमच्यासारखी मराठी घरंही राहिली.

माझ्याकडे जुन्या गाड्या येतात. अँबेसिडर, फियाट आणि अधूनमधून कॉन्टेसा. हिंदुस्तान मोटर्सनं 1984 साली काढलेली ही गाडी अंगानं ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली. लांब नाक आणि रुंद पाठ पाहून हल्लीची पोरं तिला ‘इंडियन मसल कार’ म्हणतात. अमेरिकेत 1964च्या पॉन्टियाक जीटीओपासून त्या जातीच्या गाड्या गाजल्या. त्यांच्या आठ सिलिंडरच्या इंजिनापुढे आमची सुरुवातीची दीड लिटरची कॉन्टेसा म्हणजे पैलवानाचा लंगोट नेसलेला शाळकरी मुलगा. पुढे इसुझूचं 1.8 लिटरचं इंजिन बसलं तेव्हा तिच्यात दम आला. 2002 साली गाडी बंद झाली, आणि आता ज्यांच्याकडे ती आहे ते तिला पोटच्या पोरासारखी जपतात.

पॉवर ब्रेकमधली पॉवर कुठून येते, हे गाडीच्या मालकाला कळलं की माझं अर्धं काम होतं. पॅडल आणि मास्टर सिलिंडर यांच्यामध्ये जो काळा गोल डबा दिसतो तो बूस्टर. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो, म्हणजे डायफ्रॅम. पाय सुटलेला असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंना इंजिनानं ओढून घेतलेला व्हॅक्यूम असतो. पॅडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. व्हॅक्यूम काही ओढत नाही, जोर हवेचाच. आठ इंची पडद्याचं क्षेत्रफळ भरतं सुमारे 50 चौरस इंच. दर चौरस इंचाला नऊएक पौंड धरले तरी जवळजवळ दोनशे किलोचा जोर आपल्या पायाला मिळतो.

आणि जोर हवेचा, म्हणून गावाची उंचीही हिशेबात घ्यावी लागते. हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, इंजिन स्लोवर असताना व्हॅक्यूम गेज 17 ते 21 इंच दाखवेल. आमच्याकडे चांगल्या इंजिनावरही काटा दोनेक इंच खालीच राहतो. मुंबईहून आलेला एखादा हौशी मालक तो काटा बघून व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची गोष्ट काढतो, तेव्हा त्याला सांगावं लागतं की इंजिन ठीक आहे, हवाच इथे थोडी पातळ आहे.

हुबळी रेल्वेचं गाव. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासूनचा वर्कशॉप इथे आहे, आणि व्हॅक्यूम ब्रेक म्हणजे काय हे इथल्या कित्येक घरांतल्या आजोबांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. त्या आगगाड्यांमध्ये मात्र उलटा न्याय होता. इंजिनापासून गार्डाच्या डब्यापर्यंत गेलेल्या नळीत व्हॅक्यूम असेपर्यंत ब्रेक सुटलेले. नळी तुटली, हवा शिरली, की गाडी आपोआप थांबणार. मोटारीत व्हॅक्यूम गेला तर आपोआप काहीच होत नाही. फक्त पायाला मिळणारी मदत जाते. ब्रेक जागेवर असतात, पण पॅडल दगडासारखं लागतं आणि माणूस घाबरतो. म्हणून माझा पहिला प्रश्न असा असतो की बिघाड ब्रेकचा आहे, की मदतीचा?

हे ओळखायला पाना लागत नाही, पाय पुरतो. इंजिन बंद ठेवून पॅडल चार-पाच वेळा मारायचं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पॅडलवर हलका पाय ठेवून इंजिन सुरू करायचं. पॅडल पायाखाली थोडं बसलं पाहिजे. बसलं नाही तर मदत पोचत नाही. दुसरा तपास: इंजिन थोडं चालवून बंद करायचं, जरा थांबायचं आणि ब्रेक मारायचा. पहिले एक-दोन ब्रेक मऊ लागले पाहिजेत. पहिलाच कडक लागला तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह किंवा पाइप हवा घेतोय. तिसरा: इंजिन चालू असताना पॅडल दाबून धरायचं, तसंच धरून इंजिन बंद करायचं आणि अर्धा मिनिट थांबायचं. पॅडल पाय वर ढकलू लागलं तर बूस्टरच गळतोय.

धारवाडच्या एका काकांची कॉन्टेसा या तिन्ही तपासांत पास झाली होती. सकाळी ब्रेक लोण्यासारखे. हुबळीपर्यंत आले, चन्नम्मा सर्कलच्या गर्दीत सापडले, की पॅडल कडक. आधीच्या गॅरेजनं मास्टर सिलिंडर बदलला होता, पुढचे पॅडही. ‘मेस्त्री, आता बूस्टरच मोठा टाका,’ काका म्हणाले. मी म्हटलं, ‘काका, आधी गाडी तापू द्या.’ गाडी तापवली, मॅनिफोल्डवर गेज लावला, काटा चांगला. तोच गेज पाइपाच्या बूस्टरकडच्या टोकाला लावला, तर काटा रखडत वर चढला. कुणीतरी व्हॅक्यूमच्या पाइपाच्या जागी पाण्याचा साधा पाइप बसवला होता. थंड असताना तो उभा राहायचा. तापून मऊ झाला की आतल्या आत चपटा व्हायचा. व्हॅक्यूमचा पाइप जाड, आत दोऱ्याचं विणकाम असलेला लागतो, कारण त्याला फुगायचं नसतं, दबून न जाण्याचं काम असतं. लॅमिंग्टन रोडवरून तसा पाइप आणला आणि काम झालं.

धरून राहणाऱ्या ब्रेकचा माग असाच क्रमानं काढायचा. चाकं धरलेली असतानाच मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट थोडे सैल करायचे. चाकं सुटली तर मधला पुश रॉड लांब आहे. तो पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही आणि तेल परतीच्या भोकातून टाकीत जात नाही. नाही सुटली तर चाकाजवळचा निपल उघडायचा. तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर मधला रबरी पाइप बहुधा आतून सुजला आहे. तेल त्यातून जातं, परत येत नाही. एवढं करूनही चाक धरलेलंच असेल तर कॅलिपरचा पिस्टन गंजला. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हा हमखास सापडतो.

ब्रेक ऑइल कमी होतं, पण खाली कुठे थेंब नाही, अशीही गाडी येते. तेव्हा मास्टर सिलिंडर सोडवून बूस्टरच्या तोंडात बोट घालायचं. मागचं वॉशर गेलं की तेल बूस्टरमध्ये उतरतं, तिथून इंजिन ते ओढून घेतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. मालक रिंग-पिस्टनच्या खर्चाची तयारी करून आलेला असतो.

पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम तयारच होत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. इसुझूच्या डिझेलवर तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. इंजिन बदलणारा पंप विसरला तर बूस्टर नुसता शोभेला. अमेरिकेतल्या मसल कारवाल्यांनाही हेच दुखणं दुसऱ्या वाटेनं येतं: जोर वाढवायला भारी कॅमशाफ्ट टाकली की स्लोवर व्हॅक्यूम निम्म्यावर येतो आणि ब्रेक कडक होतात.

काकांना मोठा बूस्टर मी दिला नाही. मोठ्या बूस्टरखाली सुजलेला पाइप आणि झिजलेले लायनर आणखी काही महिने झाकून जातात, आणि मग अंकोल्याला उतरताना अरबैल घाटात उघडे पडतात. ब्रेक ऑइल ओलावा पितं. कोरडं डॉट-3 ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा प्यालेलं 140 लाच उकळू शकतं. घाटात पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारेही आहेत. दोन ब्रेकांत साठलेला व्हॅक्यूम संपतो आणि तिसरं वळण समोर असतं.

म्हणून गाडी ताब्यात देण्याआधी मी मालकाला बसवतो, इंजिन बंद ठेवायला सांगतो, पॅडल मारून व्हॅक्यूम संपवायला लावतो. मग पोरं गल्लीतल्या सपाटीवर गाडी ढकलतात आणि मालकानं नुसत्या पायाच्या जोरावर ती थांबवायची. काकांनी पहिल्यांदा दाबलं आणि लगेच ‘लागत नाही हो’ म्हणून पाय उचलला. रस्त्यावर बूस्टर गेला की बहुतेक माणसं नेमकं हेच करतात. पॅडल कडक लागलं की ब्रेक गेले असं समजून पाय काढतात किंवा पुन्हा पुन्हा मारत बसतात. दुसऱ्या खेपेला काकांनी दोन्ही पाय दिले आणि गाडी थांबली. आता त्यांच्या पायाला मदतीशिवायचा ब्रेक माहीत झाला. मग मी त्यांना किल्ली फिरवायला सांगितली.