पावसाळ्यातले टॉवेल

रत्नागिरीत जूनचा पाऊस लागला की दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. ओढणी, सदरा पंख्याखाली कसेबसे वाळतात. टॉवेल मात्र आतून दमटच राहतो. आमच्या घरात माणसं सात. आंघोळी आहेत, पाच वेळचा वुजू आहे, त्यामुळे टॉवेलला उसंत नाही. ऑगस्ट येईपर्यंत पांढरे टॉवेल पिवळट, कडक होतात आणि ओले झाले की कुबट वास मारतात.

पुष्कळ जणी अशा वेळी जास्त साबण घालतात. पण टॉवेलच्या धाग्यांत अडकलेला असतो तो न निघालेला साबणच! त्यात अंगाचं तेल आणि विहिरीच्या मचूळ पाण्यातले क्षार मिसळतात. वर ओल राहिली की जंतू वाढतात, वास त्यांचाच. सुवासिक कंडिशनर तो वास झाकतो, पण धाग्यांवर थर चढवतो आणि टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

आमची नानी चुलीची राख पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी घेऊन त्यात कपडे भिजवायची. राखेतला क्षार तेलकटपणा सोडवतो. आज तेच काम धुण्याचा सोडा करतो. बादलीभर कढत पाण्यात चार मोठे चमचे सोडा घालून पांढरे सुती टॉवेल दोन-तीन तास भिजवावेत, मग साबण न लावता खळखळून धुवावेत. हाताला सोडा लागू देऊ नये. नंतर दुसऱ्या बादलीत गार पाणी घेऊन त्यात एक कप पांढरा व्हिनेगर किंवा चार-पाच लिंबांचा गाळलेला रस घालावा आणि टॉवेल अर्धा तास ठेवावेत. आंबटाने क्षार सुटतात, टॉवेल मऊ होतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालू नयेत. दोघांचा गुण जातो. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा लिंबू कधीही मिसळू नये, विषारी वायू तयार होतो.

पण एवढ्याने भागत नाही. गेल्या पावसाळ्यात माझ्या नणंदेकडे धाकट्याच्या मानेवर नायटा उठला आणि पंधरा दिवसांत तो तिघांना झाला. डॉक्टरांनी औषध देण्याआधी विचारलं, "टॉवेल कितीजणांत एक?" नायटा सोड्याने किंवा लिंबाने जात नाही. त्याला औषध हवं, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा हवा, तो कढत पाण्यात धुवून पूर्ण वाळवलेला हवा. मशिदीतल्या वुजूखान्यात सगळ्यांसाठी टांगलेल्या टॉवेलचंही तेच. मुलांच्या खिशात स्वतःचा रुमाल द्यावा.

ऊन पडलं की टॉवेल आधी बाहेर काढावेत, बाकीचे कपडे मागाहून. उन्हाने ते पांढरेही होतात. ऊन नसेल तर दोरीवर पसरून, मध्ये अंतर ठेवून पंखा लावावा आणि शेवटी इस्त्री फिरवावी. अर्धवट ओला टॉवेल घडी करून कपाटात ठेवू नये. इतकं करूनही ज्याचा वास जात नाही, त्याची सरळ फडकी करावीत.