गाळलेल्या स्वरांचा अल्बम

'स्पिरिट ऑफ ईडन' लावला की बराच वेळ गाणं सुरूच होत नाही. लांबून ट्रम्पेटचा सूर येतो, तंतुवाद्यांची आस रेंगाळते, मधे नुसतीच शांतता. दोनेक मिनिटांनी गिटार येते, ड्रम्स येतात. कानाला रागसंगीताची सवय असल्यामुळे असेल, मला हा भाग कधी लांबलेला वाटला नाही. आलापीत गवई षड्जावर थांबतो तसं हे थांबणं आहे. १९८८च्या सप्टेंबरात रॉकचा नवा अल्बम म्हणून तो घरी नेणाऱ्यांचा मात्र गोंधळ उडाला असणार.

हा अल्बम करणारा टॉक टॉक हा लंडनचा बँड. सिंथेसायझरवरच्या नाचत्या गाण्यांनी तो नावारूपाला आला. १९८६चा 'द कलर ऑफ स्प्रिंग' ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत गेला आणि त्या यशामुळे ईएमआय कंपनीनं पुढच्या वेळी हात सैल सोडला. गायक मार्क हॉलिस आणि निर्माता टिम फ्रीज-ग्रीन यांनी त्या पैशातून सगळ्यांत महाग गोष्ट विकत घेतली: वेळ.

उत्तर लंडनमधला वेसेक्स स्टुडिओ ही मूळची चर्चची वास्तू. तिथे महिनोन्महिने जवळजवळ अंधारात काम चाललं. उजेड असे तो भिंतीवर तेलाचे रंग फिरवणाऱ्या प्रोजेक्टरचा आणि लुकलुकणाऱ्या स्ट्रोबचा. ध्वनिमुद्रक फिल ब्राउननं या दिवसांबद्दल सविस्तर सांगून ठेवलं आहे. एकेक वादक येई. डॅनी थॉम्पसन डबल बेस घेऊन आला, हेन्री लोथर ट्रम्पेट, मार्क फेल्टहॅम माउथ ऑर्गन, नायजेल केनेडी व्हायोलिन. काय वाजवायचं ते फारसं कुणी सांगत नसे. त्यांनी सुचेल ते वाजवावं, वाजवत राहावं. मग त्यातले चार-दोन स्वर ठेवायचे, बाकीचं बाजूला सारायचं.

मला या वादकांचं मोठं कौतुक वाटतं. ही नामांकित माणसं. तासन्‌तास वाजवून आपलं नेमकं काय उरणार हे ठाऊक नसताना त्यांनी जीव ओतला. या अल्बममधला एकही स्वर उगाच आलेला वाटत नाही, कारण त्याच्यामागे न ठेवलेल्या कितीतरी स्वरांचं वजन आहे. हॉलिसचं मोठेपण सुचण्याइतकंच गाळण्यात होतं. हेरॉइनच्या व्यसनावरचं 'आय बिलीव्ह इन यू' ऐकावं. चेम्सफर्ड कॅथीड्रलच्या गायकवृंदाचे आवाज त्यात येतात, आणि तेही अगदी बेतानं. इतके सुंदर आवाज हाताशी असताना ते इतके कमी वापरायला छातीच लागते.

अल्बम ब्रिटनच्या यादीत १९व्या क्रमांकापर्यंत गेला आणि खाली आला. त्याचे दौरे झाले नाहीत. बँड १९८६नंतर मंचावर आलाच नाही. ईएमआयशी वाद कोर्टात गेला आणि बँड दुसऱ्या कंपनीकडे गेला. १९९०मध्ये ईएमआयनं जुनं 'इट्स माय लाइफ' पुन्हा बाजारात आणलं आणि ते १३व्या क्रमांकावर चढलं. कंपनीच्या हिशेबात खोट होती असं मी म्हणणार नाही. हा माल विकायला अवघड होता हे खरंच. पण हिशेब बरोबर म्हणून निवाडाही बरोबर, हे मला मान्य नाही. हॉलिसनं पुढे १९९१चा 'लाफिंग स्टॉक' आणि १९९८चा एकट्याच्या नावाचा अल्बम केला, आणि मग २०१९मधल्या मृत्यूपर्यंत तो जवळजवळ गप्पच राहिला.

आता या अल्बमला 'काळाच्या पुढचा' म्हणायची पद्धत पडली आहे. पोस्ट-रॉकची सुरुवात इथून सांगतात. मला तर तो मागे वळून पाहणारा वाटतो. हॉलिसला माइल्स डेव्हिस आणि गिल एव्हान्स यांचा १९६०चा 'स्केचेस ऑफ स्पेन' अतिशय प्रिय होता. थॉम्पसन 'पेंटँगल'मध्ये लोकसंगीत आणि जॅझ वाजवलेला माणूस. गायकवृंदाची परंपरा तर शतकांची. या सगळ्यांतलं काहीही १९८८ साली नवं नव्हतं. ते ऐकायला लागणारी सवड तेवढी तेव्हा दुर्मीळ होती, आणि आजही ती वाढलेली नाही.